जेवणापूर्वी एक मात्रा

२ फेब्रुवारी

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. नऊ वर्षांनी दाजीचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इकडे कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. फोनच केला असता, पण तुझ्या कानाचं काय झालंय ते तुझ्या भाचीनं सांगितलं, आणि मला जे विचारायचं आहे ते ओरडून विचारण्यासारखं नाही. भिंतीपलीकडे शेजारी आहेत.

काम असं आहे. माझ्याकडे एक पाहुणे येणार आहेत, महिनाभर राहतील. त्यांना रोज संध्याकाळी सातला, जेवणाआधी, मार्टिनी नावाचं पेय घ्यायची सवय आहे. एकच ग्लास, जास्त नाही. ते जिन आणि व्हर्मूथ अशा दोन बाटल्यांतून करतात एवढं मला कळलं आहे. त्यापुढे अंधार. काल दुकानापर्यंत जाऊन आलो. आत गेलो नाही, समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. नुसत्या जिनच्याच दोन फळ्या. निळी बाटली, हिरवी बाटली, चौकोनी बाटली. आमच्या दवाखान्यात निळ्या बाटलीतलं औषध पोटात घ्यायचं नसे, वरून लावायचं असे. ते डोक्यात इतकं बसलंय की निळीकडे बघूनच मला धडधडायला लागलं.

तू एकतीस वर्षं हॉटेलात हेच काम केलंस. मी चाळीस वर्षं कंपाउंडर होतो खरा, पण स्पिरिट सोडलं तर असल्या वस्तूला हात लावलेला नाही, आणि ते स्पिरिटही कापसापुरतं. शिक्षण माझं सातवीचं. कोणती जिन, कोणती व्हर्मूथ, किती किती घालायची, ते मिलिलिटरमध्ये कळव. औषधाचा मापाचा पेला माझ्याकडे आहे. कमी-जास्त पडलं तर माणसाला काही अपाय होतो का, तेही लिही.

तुझा,
दाजी

ता. क. उघड्या कार्डावर लिहू नकोस. पोस्टमन वाचतो.

७ फेब्रुवारी

ती. दाजींना, सा. न.

निळा, हिरवा हा काचेचा रंग. आत सगळीकडे पाण्यासारखंच असतं. बाटलीच्या रूपावर जाऊ नका.

जिन साधी घ्या. फुलांची, फळांची, गुलाबी नको. लेबलवर ‘लंडन ड्राय’ लिहिलेली मागा. ते गावाचं नाव नाही, करण्याच्या पद्धतीचं आहे. बूच उघडल्यावर तुमच्या सांधेदुखीच्या मलमासारखा वास आला पाहिजे, तो ज्युनिपर नावाच्या फळाचा. ताकद त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास बघा. त्याहून फार हलकी असली की बर्फाचं पाणी सुटल्यावर तिच्यात जीव राहत नाही.

व्हर्मूथ पांढरी, आणि तीही ‘ड्राय’, म्हणजे गोड नसलेली. साठ मिलिलिटर जिनला बारा व्हर्मूथ. बर्फ घालून अर्धा मिनिट ढवळा, बर्फ गाळून टाका, आधी गार केलेल्या ग्लासात ओता. वर एक ऑलिव्ह, ते खारवलेलं हिरवं फळ. कमी-जास्त पडलं तर माणूस मरत नाही, तोंड वाकडं करतो एवढंच.

पण दाजी, मी आयुष्यभर माणूस बघून ग्लास भरला. हे पाहुणे कोण? ज्यांच्यापायी तुम्ही दारूच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिलात, असे कोण?

आपला,
हॉटेलचा स्टोअरकीपर

१२ फेब्रुवारी

चि. बारक्या,

आशीर्वाद. ते स्टोअरकीपरचं आता उकरून काढू नकोस. तुझ्या भाचीचं लग्न होतं, सासरची माणसं नवी होती, कोण काय म्हणेल या काळजीनं मला तीन रात्री झोप नव्हती. मामा काय करतो असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, एवढंच मी तुला आधी बजावून ठेवलं. तू जेवणाच्या आधीच निघून गेलास, ते मला दिसलं नव्हतं असं समजू नकोस.

पाहुणे म्हणजे माझे व्याही. झालं समाधान?

विहीणबाई नोव्हेंबरात गेल्या. व्याही बोटीवर इंजिनियर होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आता त्या लांबच्या शहरात एकटेच. तुझी भाची आणि जावई माझ्याच गल्लीत राहतात, पण त्यांच्या दोन खोल्यांत चौथं माणूस मावत नाही. तेव्हा असं ठरलं की व्याह्यांनी महिनाभर माझ्याकडे राहून बघावं. परतीचं तिकीट अठरा मार्चचं काढलेलं आहे. करमलं तर तिकीट रद्द करायचं. नाही करमलं तर जावई तिकडे बदली मागणार, आणि लेक, नात सगळी तिकडे जाणार. मला म्हणतात, तुम्हीही चला. या वयात मी कुठे जातो? गुडघे या जिन्याला सरावलेत, दुसरा जिना मला चढू देणार नाही. नात रोज शाळेतून आधी माझ्याकडे येते, बूट दारातच फेकते. ते बूट उचलायचं काम गेलं तर मी दिवसभर काय करू?

ते नऊ तारखेला आले. माणूस सज्जन, बोलणं मोजकं. मी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून कागद घालून ठेवले होते. ते म्हणाले, राहू द्या. कपडे बॅगेतच ठेवतात. सकाळी खाटेखालून बॅग ओढतात, शर्ट काढतात, बॅग परत आत सारतात. तो आवाज माझ्या काळजात जातो.

काल संध्याकाळी सात वाजता ग्लास नेऊन दिला. जिन तू सांगितलीस तीच. व्हर्मूथ पांढरी संपली होती. दुकानदारानं लाल दिली, नाव तेच होतं. आम्ही एका कंपनीचं औषध नसलं की त्याच नावाचं दुसऱ्या कंपनीचं देत असू, म्हणून मी घेतली. रंगही आमच्या टॉनिकसारखा, खात्रीचा वाटला. त्यांनी एक घोट घेतला, ‘आपण फार त्रास घेतलात’ म्हणाले आणि ग्लास खाली ठेवला. परत उचलला नाही.

आता काय करू?

दाजी

१६ फेब्रुवारी

ती. दाजींना, सा. न.

लाल व्हर्मूथ गोड असते. ती घालून होतं ते वेगळं पेय, त्याचं नावही वेगळं. खोकल्याच्या गिऱ्हाइकाला तुम्ही रेचक दिलंत. घोटभर घेतला आणि वर आभारही मानले, म्हणजे व्याही खरंच सज्जन आहेत.

पांढरी, ड्राय. नसेल तर दुसऱ्या दुकानात जा. लहान बाटली मिळाली तर लहानच घ्या.

भाची जाणार हे कळून वाईट वाटलं. तिनं मला यातलं काही कळवलं नव्हतं. तुम्हीही, जिन लागली नसती तर कळवलं नसतंत.

बारक्या

२६ फेब्रुवारी

चि. बारक्या,

आशीर्वाद. तुझं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आता कामाचं लिहितो.

पांढरी मिळाली. लहान नव्हती, मोठीच घ्यावी लागली. वीस तारखेला दिली तेव्हा त्यांनी अर्धा ग्लास घेतला. मला हायसं वाटलं. एकवीसलाही अर्धा. मग उतरती कळा. परवा पाव, काल दोन घोट. पहिल्या दिवशी होतं तेच माप, तेच हात, तरी रोज कमी का? मी एक थेंब इकडचा तिकडे होऊ देत नाही. बाटल्या औषधांच्या कपाटात ठेवतो, वरच्या फळीवर, कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा. ग्लास देण्याआधी बाटलीत घालून चांगलं मिनिटभर हलवतो, आमच्याकडे प्रत्येक मिक्श्चरवर लिहिलेलंच असे, हलवून घ्यावे म्हणून. आणि ते पिईपर्यंत मी खोलीतून हलत नाही. दवाखान्यात काही रोगी औषध कुंडीत ओतायचे, तेव्हापासूनची सवय.

रविवारी लेक आली होती. तिच्या पिशवीत बदलीच्या अर्जाचा कागद दिसला. मी काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. जाताना मात्र माझ्या गोळ्यांच्या डबीवर वार लिहून गेली, सोमवार, मंगळवार, सगळे. आजवर कधी लिहिले नव्हते. बाबांना आता आपलं आपण बघावं लागेल, असंच तिच्या मनात असणार.

जिन बदलू का? निळ्या बाटलीतली आणू?

दाजी

२ मार्च

ती. दाजींना, सा. न.

जिनला हात लावू नका. ती वर्षभर कपाटात राहिली तरी तिला काही होत नाही. बिघडतेय ती व्हर्मूथ. ती दारू नव्हे, वाइन आहे. उघडली की दुधासारखी समजा, फ्रिजमध्ये ठेवायची आणि महिन्या-दीड महिन्यात संपवायची. तुम्ही ती खिडकीच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवलीत. ते कपाट मला आठवतं, दुपारी तापतं. ताईची लोणी काढायची जागा तिथेच होती, आणि तीही उन्हाळ्यात तिथून हलवायची. बाटली ओतून टाका, नवी आणा, फ्रिजमध्ये ठेवा. हलवू नका. हलवून बर्फाचा चुरा होतो, पाणी फार सुटतं.

एवढं केलंत की मार्टिनी बरोबर होईल. पण व्याही ती पितील की नाही हे मी सांगू शकत नाही. मी तुम्हाला दिलं ते बारचं माप. त्यांचं माप कुठलं? घरी त्यांना ग्लास कोण करून देत असे? तीन आठवडे तुम्ही मला विचारताय, आणि ज्यांना प्यायचं आहे ते पलीकडच्या खोलीत बसलेत.

आता एक माझं. तुम्ही मला स्टोअरकीपर व्हायला सांगितलंत, मी झालो. राग त्याचा नाही. त्या दिवशी सरबताचे ग्लास डागाळलेले होते, म्हणून मी मागे बसून पुसत होतो. तुम्ही आलात आणि माझ्या हातातला ग्लास काढून घेतलात. तेव्हा मी निघालो.

बारक्या

१४ मार्च

चि. बारक्या,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. आधी काही लिहावं असं घडत नव्हतं, आणि मग एकदम घडलं.

तुझं पत्र पाच तारखेला आलं. नवी व्हर्मूथ आणली, फ्रिजमध्ये ठेवली. विचारायचं मात्र तीन दिवस जमेना. पत्नी जाऊन चार महिने झालेल्या माणसाला, तुमच्या बाई ग्लास कसा करायच्या, असं विचारायचं कोणत्या तोंडानं? तुझी ताई गेली तेव्हा मला कुणी तिच्या हातच्या चहाबद्दल विचारलं असतं तर मी उठून गेलो असतो. असं मला वाटत होतं. मग आठवलं, कुणी विचारलंच नव्हतं, आणि मी उठून कुठे गेलोही नव्हतो. एकटाच बसलो होतो.

नऊ तारखेला सातला ग्लास नेला आणि विचारलं. त्यांनी ग्लास घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, “आधी बसा हो व्याहीबुवा. तुम्ही रोज डोक्यावर उभे राहता, मला परीक्षेचा पेपर लिहितोय असं वाटतं.”

मी बसलो. तेव्हा कळलं की महिनाभर मी त्यांच्यासमोर कधी बसलोच नव्हतो.

त्यांनी सांगितलं ते असं. बोटीवर ते बारच्याच मापाची घेत. घरी आल्यावर बाईंनी ती मोडीत काढली. दोन भाग जिन, एक भाग व्हर्मूथ, त्याहून कडक माझ्या घरात नाही, असा हुकूम. ऑलिव्ह बाईंना आवडत नसे, म्हणून लिंबाची साल, अंगठ्याएवढी, पांढरा भाग खरवडून, ग्लासावर पिळून आत टाकलेली. आणि त्या स्वतः समोर बसायच्या, लिंबाचं पाणी घेऊन, तसल्याच ग्लासात. दिवसभराचं भांडण त्या वेळात मिटवायचं असा नियम होता. व्याही म्हणाले, “भांडण संपायचं तेव्हा ग्लास संपायचा. भांडायलाच कुणी नाही, मग तो संपणार कसा?”

हे इतकं सगळं ते आल्यापासून पहिल्यांदा बोलले. मी स्वयंपाकघरात गेलो, लिंबाची साल काढली, अंगठा कापून घेतला, पट्टी बांधली, आणि दोनास एक या मापानं नवा ग्लास केला. माझ्यासाठी लिंबाचं पाणी. समोर बसलो. ग्लास संपला. मी मोजत नव्हतो असं म्हणणार नाही.

मग तीन दिवस तसंच चाललं. पण मला काळजी, एखाद्या दिवशी माझा हात चुकला तर? बर्फ कमी पडला तर? म्हणून काल मी मला येणारं एकच काम केलं. जिनची पहिली बाटली रिकामी झाली होती. ती उकळत्या पाण्यानं धुऊन वाळवली. तीत साडेतीनशे जिन, पावणेदोनशे व्हर्मूथ आणि बर्फातून सुटलं असतं तेवढं म्हणून शंभर पाणी घातलं. कागदाची पट्टी कापली, कडेला आठ खाचा पाडल्या, खळ लावून बाटलीला चिकटवली. एक खाच म्हणजे एक मात्रा. वर माझ्या अक्षरात लिहिलं, ‘रोज संध्याकाळी एक मात्रा, जेवणापूर्वी’. हलवून घ्यावे असं लिहिलं होतं, ते तुझी आठवण होऊन खोडलं. बाटली फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आडवी ठेवली. माझा फ्रिज जुना, त्यात ती गोठत नाही. आता ढवळणं नाही, गाळणं नाही, रोज तीच चव. हे तुमच्या धंद्यात चालतं का माहीत नाही. चालत नसेल तर मला कळवू नकोस.

सातला ती टेबलावर आणली. व्याही हातात घेऊन बघत राहिले. चष्मा लावून लेबल वाचलं. मग खाचांवर बोट ठेवत तारखा मोजू लागले, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा. तिथे बोट थांबलं.

“अठराला मी निघालो तर तीन मात्रा उरतात,” ते म्हणाले.

मी म्हटलं, उरू द्या, मी ओतून टाकीन.

“तुमच्या दवाखान्यात औषध अर्धवट सोडलेलं चालायचं?”

मी म्हटलं, नाही. बाटली पुरी संपवायची आणि मग दाखवायला यायचं, असं आम्ही प्रत्येकाला बजावून सांगत असू.

“मग झालं तर,” म्हणाले, आणि पहिल्या खाचेपर्यंत स्वतः ओतून घेतलं.

आज सकाळी व्याह्यांनी तिकीट जावयाच्या हातात दिलं, रद्द कर म्हणून. बॅग ओढल्याचा आवाज आला तसा मी दारातून डोकावलो. शर्ट कपाटात लागत होते, एकेक, बोटीवरच्यासारखे घडी घालून. लेक मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, बाबा, तो अर्ज मी भरलेलाच नव्हता, नुसता पिशवीत घेऊन फिरत होते. मग गोळ्यांच्या डबीवर वार का लिहिलेस, असं विचारलं. म्हणाली, कारण तुम्ही मंगळवारच्या दोनदा घेतल्या होत्या.

आता तुझं. काल ग्लास संपल्यावर मी व्याह्यांना खरं सांगितलं. म्हटलं, हे सगळं मला ज्यानं शिकवलं तो माझा मेहुणा. तो स्टोअरकीपर नव्हता, एकतीस वर्षं बारमन होता, आणि लग्नात मी तुमच्याशी खोटं बोललो. ते हसले. म्हणाले, “ते मला त्याच दिवशी कळलं होतं. ग्लास पुसून उजेडात धरून बघणारा स्टोअरकीपर मी तरी पाहिलेला नाही. जाऊन बोलावं असं फार वाटलं. पण तुम्ही मध्ये उभे होतात.”

बारक्या, मी फार शिकलेला नाही, मला नीट मांडता येत नाही. मी मध्ये उभा होतो. आयुष्यभर कुणी ना कुणी चुकेल या भीतीनं मी मध्येच उभा राहिलो आहे. तुझ्या हातातला ग्लास मी काढून घ्यायला नको होता.

व्याही तुला भेटायचं म्हणतात. लेक म्हणते मामाला बोलवाच. मी म्हणतो, ये. बाटली वीस तारखेला संपते, दुसरी भरायला तू असावास. खाट मी तुला देईन, मला जमिनीवरही झोप येते. खरं तर कुठेच येत नाही, पण ते जाऊ दे.

दाजी

१८ मार्च

ती. दाजींना, सा. न.

एकवीसला दुपारपर्यंत पोचतो. खाट नको. जिन आणि व्हर्मूथ मी आणतो, तुम्ही फुटपाथवर उभे राहू नका. ग्लासही माझे आणतो. तुमच्याकडचे कसे पुसलेले असतील याची कल्पना आहे.

बाटलीत आधीच पाणी घालून गार करणं आमच्या धंद्यात चालतं. मोठ्या मेजवान्यांना आम्हीही तसंच करायचो. खाचांची पट्टी मात्र आम्हाला कधी सुचली नाही. खळ करून ठेवा. मी घेतो का हे तुम्ही कधी विचारलं नाहीत; मी एक थेंबही घेत नाही. तेव्हा लिंबाचं पाणी दोघांचं.

कुणी विचारलं तर मी काय काम करत होतो म्हणून सांगायचं, ते या वेळी तुम्ही कळवलेलं नाही. तेव्हा जे होतं तेच सांगेन.

आपला,
बारक्या